कासवाच्या खोक्यातला काथ्या: एका विटेचा इतिहास

ज्यांना कानात हेडफोन घालून बसायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भागाचा लेखी अवतार. बोलताना जे अघळपघळ झालं ते थोडं आवरलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे एक वीट. तपकिरी, कोरडी, हातात घेतली तर साडेसहाशे ग्रॅमची. कोमट पाण्याच्या बादलीत टाकली की अर्ध्या तासात फुगून आठ-नऊ लिटर मऊ, ओलसर, मातीसारखा भुसा होतो. हे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणातला भुसा दाबून केलेली वीट. इंग्लंडमध्ये ती दोन ठिकाणी मिळते: बागकामाच्या दुकानात, आणि सरडे-सापांच्या दुकानात. दुसऱ्या ठिकाणी पाकिटावर इग्वानाचं चित्र असतं आणि किंमत जास्त असते. आतला माल बहुतेक वेळा तोच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, मूळचा वेंगुर्ल्याकडचा, सध्या मुक्काम रेडिंग. माझ्याकडे हर्मन जातीचं जमिनीवरचं एक छोटं कासव आहे, इथेच जन्मलेलं, कागदपत्रांसकट. नाव बंडोपंत. बंडोपंतांच्या लाकडी खोक्यात अंथरायला मी या विटा आणतो हे कळल्यावर आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "सोडणाचा भुसा पैसे देऊन आणतोस? इथे परड्यात ये, फुकट घेऊन जा."

आईचा प्रश्न चोख आहे. जी गोष्ट आपल्याकडे चुलीत जाते किंवा माडाच्या बुंध्याशी पडून राहते, ती समुद्र ओलांडून इथवर आली कशी? आणि मुळात वाळवंटातली, डोंगरातली कासवं माडाच्या भुशावर झोपायला लागली कधी? शोधायला गेलो तर दोन वेगवेगळे व्यापार सापडले. एक दोराचा, एक कासवांचा.

सुंभ आणि समुद्र

आधी वस्तू नीट बघू. नारळाच्या सोडणात दोन गोष्टी असतात. एक धागा, म्हणजे काथ्या. आणि दुसरा, धाग्यांना धरून ठेवणारा स्पंजासारखा भुसा. वजनाने पाहिलं तर ढोबळमानाने एक भाग धागा आणि दोन भाग भुसा. पण हजारएक वर्षं जगाला हवा होता तो फक्त धागा.

काथ्या वळला की सुंभ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण माणसांच्या हट्टासाठी वापरतो, पण ती मुळात वस्तूचं अगदी नेमकं वर्णन आहे. काथ्यात लिग्निन नावाचा पदार्थ भरपूर असतो. लाकडाला टणकपणा देणारा तोच हा पदार्थ. कापसात तो जवळपास नसतो, काथ्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, आणि ताण आला की तुटण्याआधी थोडा लांबतो. जहाजाच्या दोराला याहून वेगळं काय हवं?

दोरच कशाला, अख्खी जहाजं काथ्याने शिवलेली असत. लोखंडी खिळा न मारता फळीला फळी शिवायची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये अरबस्तानच्या बाजूच्या शिवलेल्या होड्यांचा उल्लेख येतो. अकराव्या शतकात अल-बिरुनीने हिंदी महासागरातल्या बेटांच्या एका समूहाचं नावच काथ्याच्या दोरावरून दिलंय: दिवा कंबार. म्हणजे त्या बेटांची ओळखच दोर!

मग दोन प्रवासी येतात आणि दोघांची मतं अगदी उलटी पडतात. तेराव्या शतकात मार्को पोलो होर्मुझला ही जहाजं बघतो आणि घाबरतो. खिळे नाहीत, नारळाच्या सुतळीने शिवलेली, यातली कितीतरी बुडतात म्हणतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये काझी म्हणून राहतो आणि तोच काथ्या बघून म्हणतो की खिळ्यांचं जहाज खडकावर आपटलं की फुटतं, शिवलेलं जहाज मात्र लवचीक असल्याने तगून जातं. आजच्या भाषेत, एकाच वस्तूला एकाने एक तारा दिला आणि दुसऱ्याने पाच. मला इब्न बतूता जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो त्या समुद्रात राहिला होता.

यातली आपल्या जवळची गोष्ट म्हणजे आयएनएसव्ही कौंडिण्य. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रातलं जहाज समोर ठेवून, गोव्यात, केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोराने फळ्या शिवून हे जहाज बांधलं. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. म्हणजे ही विद्या पुस्तकातच उरली असं नाही, ती अजून हातात आहे.

पण दोर महत्त्वाचा झाला की दोरावर हक्क सांगणारेही येतात. लक्षद्वीपची बेटं कण्णूरच्या अली राजाच्या ताब्यात होती. अठराव्या शतकात त्याने काथ्याची मक्तेदारी लागू केली. बेटावरच्या लोकांनी काथ्या फक्त राजालाच विकायचा, तोही राजा ठरवेल त्या भावाने. बेटावर भात पिकत नाही, त्यामुळे बदल्यात तांदूळ घ्यावाच लागणार. पुढे इंग्रज आले, पण काथ्या द्या आणि तांदूळ घ्या ही पद्धत त्यांनीही चालूच ठेवली. माल एकाचा आणि भाव दुसऱ्याचा, हे या धंद्यात तेव्हापासूनचं आहे.

आलप्पुळाची पायपुसणी

एकोणिसाव्या शतकात काथ्या जहाजावरून उतरून दारात आला. १८४० च्या सुमारास लंडनमध्ये ट्रेलोर नावाच्या घराण्याने काथ्याच्या चटया आणि गालिचे करायला सुरुवात केली. इंग्लंडचा चिखल आणि बुटांची सवय, दोन्ही जमेस धरा. दारासमोरचं खरखरीत तपकिरी पायपुसणं तिथे इतकं रुळलं की ते मुळात कुठलं हेच लोक विसरले. १८५९ मध्ये जेम्स डॅरा नावाच्या माणसाने विणकामाचा कारखानाच केरळमध्ये आलप्पुळाला काढला. कच्चा माल जिथे, तिथेच माग.

तो कच्चा माल तयार कसा व्हायचा हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण आपल्या विटेतल्या मिठाचं एक मूळ तिथे आहे. हिरव्या नारळाची सोडणं जाळ्यांत भरून खाडीच्या मचूळ पाण्यात बुडवायची, वर चिखल टाकायचा आणि सहा ते दहा महिने तसंच ठेवायचं. जिवाणू धाग्यांमधला चिकट पदार्थ खातात आणि धागा मोकळा होतो. त्या पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. मासे कमी होतात, पाणी काळं पडतं. मग ती सोडणं बाहेर काढून, जमिनीवर बसून, लाकडी दांडक्याने बडवायची. हे काम बहुतेक सगळं बायकांचं. पाण्यात उभं राहणं, वास, हातांना भेगा, आणि मजुरी नगावर.

१९२२ मध्ये आलप्पुळाच्या काथ्या कामगारांनी त्रावणकोर लेबर असोसिएशन काढली. त्रावणकोर संस्थानातली ही पहिली कामगार संघटना मानतात. १९३८ मध्ये मोठा संप झाला. ऑक्टोबर १९४६ मध्ये पुन्नप्रा-वायलारचा उठाव झाला आणि तो गोळीबाराने चिरडला गेला, त्यातही काथ्या कामगार मोठ्या संख्येने होते. केरळच्या डाव्या चळवळीचा उगम शोधत गेलात तर एक वाट पायपुसण्याच्या कारखान्यात जाऊन पोचते. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये काथ्या उद्योग कायदा झाला, कॉयर बोर्ड आलं, आणि १९५९ मध्ये आलप्पुळाजवळ कलवूरला संशोधन संस्था उभी राहिली.

भुशाचे डोंगर

आता इथपर्यंतच्या गोष्टीत भुसा कुठे आहे? कुठेच नाही. तो खाली पडतोय. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश माळ्यांनी चटईच्या कारखान्यातला हा कचरा कुंड्यांसाठी वापरून पाहिला होता, पण पुढे दलदलीतून खणून काढलेलं पीट स्वस्त आणि मुबलक मिळायला लागलं, आणि नारळाचा भुसा मागे पडला.

इकडे भारतात नंतर यंत्रं आली. वाळलेलं तपकिरी सोडण यंत्रात घातलं की धागा मिनिटांत वेगळा. केरळात यंत्रांना कामगारांचा विरोध झाला, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, कारण यंत्र आलं की दांडक्यावर पोट असलेल्या बाईचं काम जाणार होतं. यांत्रिक काथ्याचा मोठा धंदा शेजारी तमिळनाडूत, पोळ्ळाचीच्या बाजूला वाढला. यंत्रं वाढली तसे भुशाचे ढीग वाढले. आणि ज्या लिग्निनमुळे दोर कुजत नव्हता, त्याच लिग्निनमुळे हे ढीगही कुजेनात. वर्षानुवर्षं पडून, पावसात तपकिरी पाणी सोडत. ज्याला आम्ही सॉफ्टवेअरवाले 'फीचर' म्हणतो, तेच जागा बदलली की 'बग' होतं.

कॉयर बोर्डाने यावर उपाय म्हणून अळिंबीच्या जातीची बुरशी वापरून भुशाचं खत करण्याची 'पिथ प्लस' पद्धत काढली. पण खरं वळण युरोपातून आलं. पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर तयार होतं आणि आपण ते फावड्याने खणतो, हे लोकांना बोचायला लागलं. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या पर्यावरण संस्थांनी पीटविरोधी मोहीम उघडली. पीटला पर्याय हवा होता. आणि श्रीलंकेत, भारतात असा पदार्थ डोंगरांनी पडून होता जो स्वतःच्या वजनाच्या सहा-आठ पट पाणी धरतो, सहज कुजत नाही आणि फारसा आम्लही नाही. अडचण एकच, वाहतूक. फुललेला भुसा म्हणजे बरीचशी हवा. हवेचं भाडं कोण देणार? म्हणून तो वाळवून दाबला आणि वीट झाली. माझ्या मते या सगळ्या कथेतला सगळ्यात मोठा शोध हा दाबण्याचाच आहे. फाइल झिप केली की पाठवता येते, तसंच.

पण दाबण्याआधी धुवावं लागतं. माड स्वतःच पोटॅशियम आणि क्लोराइड शोषतो, त्यात मचूळ पाण्यात भिजवलेलं सोडण असेल तर सोडियमची भर. निर्यातीचा माल गोड्या पाण्याने धुतात, आणि ते खारट, तपकिरी पाणी कुठेतरी सोडावं लागतं. पोळ्ळाची भागात विहिरींचं पाणी बिघडल्याच्या तक्रारी त्यातूनच आल्या. २०२१ मध्ये तमिळनाडूच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने या उद्योगाला निरुपद्रवी 'पांढऱ्या' गटातून काढून 'नारिंगी' गटात टाकलं. उद्योजक नाराज झाले, शेतकऱ्यांना ते हवंच होतं. पाकिटावर 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं असतं ते खोटं नाही. पण ज्या गावात ती वीट धुतली गेली त्या गावाची विहीर पाकिटावर नसते.

कासव कुठून आलं

आता दुसरा व्यापार. इंग्लंडमधलं सगळ्यात प्रसिद्ध पाळीव कासव म्हणजे टिमथी. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने १७८० मध्ये आपल्या आत्याच्या मृत्यूनंतर ते आपल्या गावी, सेलबर्नला आणलं. व्हाइट त्याची बारीक नोंद ठेवायचा: नोव्हेंबरमध्ये ते बागेच्या मातीत स्वतःला कसं गाडून घेतं, किती संथपणे खणतं, वसंतात कधी वर येतं. गंमत म्हणजे टिमथी मादी होती, हे नंतर तिच्या कवचावरून कळलं. त्या नोंदींमधला मुद्दा लक्षात ठेवा: कासवाला खणायला माती लागते.

विसाव्या शतकात हे विसरलं गेलं. मोरोक्को, ग्रीस, तुर्कस्तान, युगोस्लाव्हियातून पेट्यांमध्ये एकावर एक रचून लाखो कासवं ब्रिटनमध्ये आली. मुलांच्या हातात देण्याचं स्वस्त खेळणं. त्यातली बहुतेक पहिल्या एक-दोन वर्षांतच मेली. अखेर १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने भूमध्य सागराकडच्या या कासवांच्या व्यापारी आयातीवर बंदी घातली.

बंदीनंतर लोकांना कासवं इथेच जन्माला घालून वाढवावी लागली. आणि तेव्हा एक नवी अडचण दिसली. पिल्लांची कवचं गुळगुळीत न वाढता प्रत्येक खवल्याचा उंचवटा व्हायचा, जणू पाठीवर छोटे पिरॅमिड. समज असा होता की जास्त प्रथिनं खाल्ल्याने हे होतं. शिवाय ही कोरड्या मुलखातली जनावरं, म्हणून वर्तमानपत्र किंवा गवताच्या कोरड्या गोळ्या अंथरायच्या. २००३ मध्ये वीझनर आणि इबेन या संशोधकांचा आफ्रिकन सुलकाटा कासवांवरचा अभ्यास आला. निष्कर्ष असा, की कवचाच्या उंचवट्यांवर मोठा परिणाम हवेतल्या कोरडेपणाचा होता, प्रथिनांचा अगदी किरकोळ. नीट विचार केला तर पटतं. वाळवंटातलं पिल्लूही दिवसभर उन्हात बसत नाही. ते बिळात, मुळांखाली, ओलसर मातीत दडून असतं. कोरडं दिसतं ते आपल्याला, वरून.

म्हणजे आता असं काहीतरी हवं होतं जे ओल धरेल, लवकर सडणार नाही, खणता येईल आणि घरात आणता येईल. बागकामाच्या दुकानात ते विटेच्या रूपात बसलेलंच होतं. जहाज शिवणाऱ्या धाग्याचा कचरा आणि पेटीत भरून आणलेल्या कासवांचे वारस, दोघं असे एका खोक्यात आले.

वीट घ्यायची आणि भिजवायची कशी

हा भाग खास विनंतीवरून. आधी खरेदी.

खत मिसळलेली वीट अजिबात नको, पाकिटावर फक्त कोकोपीट असं लिहिलेलं हवं. 'धुतलेलं' किंवा 'कमी क्षार' असा उल्लेख बघा. चित्राला भुलू नका, बागेच्या दुकानातली साधी धुतलेली वीट चालते. मोठं खोकं असेल तर पाच किलोचा ठोकळा स्वस्त पडतो, त्यातून साधारण सत्तर लिटर निघतं. लांब धाग्यांचा माल टाळा, पायात गुंततो आणि पोटात गेला तर त्रास.

भिजवताना छोट्या विटेला चार लिटरच्या आसपास कोमट पाणी. फुगली की हाताने मोकळी करा. मी एकदा जुन्या सुती कापडात घालून साध्या पाण्याने धुतो आणि पिळतो. पहिलं पाणी चहासारखं निघतं. मूठ घट्ट दाबली तर गोळा राहिला पाहिजे, पण पाणी ठिबकता कामा नये. एवढी ओल बरोबर.

हर्मनसारख्या कासवाला नुसतं कोकोपीट देऊ नये, ते फार हलकं असतं. खत-कीटकनाशक नसलेली साधी माती निम्मी मिसळली की बीळ टिकतं. थर इतका जाड हवा की कासव त्यात पूर्ण दडेल. खालचा थर ओलसर, वरचा जवळपास कोरडा. वरून शिंपडण्यापेक्षा कोपऱ्यात पाणी ओता, ते खाली पसरतं. पूर्ण वाळू दिलंत तर धूळ डोळ्यांत जाते, आणि सतत चिंब ठेवलंत तर पोटाकडच्या कवचाला बुरशी धरते. खाणं नेहमी सपाट दगडावर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे भुसा पोटात जाणार नाही. विष्ठा रोज उचला.

आणि भारतातल्या मंडळींसाठी ठळक सूचना. वीट घेणं कायदेशीर आहे, पण आपलं स्टार कासव घरात ठेवणं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते आता पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा किमान तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकून बंद केलाय. घरात कासव ठेवलं की लक्ष्मी येते असं सांगून विकणारे अजून आहेत. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं ना, तेवढं पुरे. साइट्सच्या यादीतल्या परदेशी जातीचं प्राणी घरी असेल तर २०२४ च्या नियमांनुसार त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

मग घ्यायची की नाही?

हा प्रश्न मला दोन-तीन श्रोत्यांनी आधीच विचारलाय. माझं मत: घ्यावी. पीट खणण्यापेक्षा पडून असलेला भुसा वापरणं चांगलंच. पण 'कचऱ्यातून सोनं' या गोष्टीवर मी आता तितका टाळ्या वाजवत नाही. कचऱ्याला भाव आला की तो कचरा राहत नाही, तो उद्योग होतो, आणि उद्योगाला पाणी लागतं, माणसं लागतात. दोर महाग असताना लक्षद्वीपच्या माणसाला तांदूळ मिळाला. चटई महाग झाली तेव्हा बडवणाऱ्या बाईला नगावर मजुरी. आता वीट महाग झालीय, तर पोळ्ळाचीच्या विहिरीला काय मिळतं, हे विचारायला हवं.

म्हणून मी विक्रेत्याला दोन प्रश्न मेलवर पाठवतो. माल कुठून येतो? आणि धुतलेलं पाणी पुन्हा वापरतात का? गेल्या वेळी तीन दुकानांना विचारलं. एकाने उत्तरच दिलं नाही, एकाने माहितीपत्रक पाठवलं, आणि एकाने लिहिलं की आम्हालाही माहीत नाही, पुरवठादाराला विचारून कळवतो. मी तिसऱ्याकडून घेतली. उत्तर अजून आलेलं नाही, मी दर महिन्याला आठवण करतोय. तुमच्यापैकी कुणी कोइंबतूर-पोळ्ळाची भागात राहत असेल, किंवा सिंधुदुर्गात काथ्याचं काम करत असेल, तर मला नक्की लिहा. तुमच्याशी बोलून पुढचा एक भाग करायचाय.

तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या भागात!